ओहायोहून जेनोआला आलेली हिशेबाची पद्धत: कोर्निल्यानो पोलाद कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाआधी इटलीत पोलाद तयार होत होते, पण बरेचसे भंगारातून. भंगार विकत घ्यायचे, भट्टीत वितळवायचे आणि लहानसहान गिरण्यांत लाटायचे. 1938 साली देशाचे उत्पादन सुमारे 23 लाख टन होते. कारखाने विखुरलेले आणि माल महाग, पण जकातीच्या आडोशाने सगळे निभावून जात होते. बँका डबघाईला आल्या तेव्हा सरकारने 1933 मध्ये ‘इरी’ ही संस्था काढून त्यांच्याकडचे उद्योग ताब्यात घेतले. 1937 मध्ये त्यातला पोलादाचा कारभार ‘फिनसीदेर’ या कंपनीकडे गेला.

ओस्कार सिनिगाल्या यांना हे भंगाराचे अर्थशास्त्र कधीच पटले नाही. त्यांचा आग्रह असा की, कारखाना समुद्रकाठी हवा. बोटीतून खनिज आणि कोळसा थेट आवारात उतरला पाहिजे आणि त्याच आवारातून पत्रा बाहेर पडला पाहिजे. जेनोआच्या पश्चिमेला कोर्निल्यानो येथे असा कारखाना उभा राहत होता, पण युद्धात जर्मन सैन्याने त्याची यंत्रे सोडवून नेली. सिनिगाल्या ज्यू होते. 1938 च्या वंशभेदी कायद्यांनंतर ते कारभारातून बाहेर फेकले गेले होते. 1945 मध्ये ते फिनसीदेरचे अध्यक्ष म्हणून परतले आणि 1948 मध्ये त्यांची योजना मुक्रर झाली. मोठे कारखाने तीन: बान्योली, पिओम्बिनो आणि कोर्निल्यानो. पैकी कोर्निल्यानोत रुंद पत्रा निघणार होता. पैशाचा मोठा भार मार्शल योजनेने, म्हणजे युद्धोत्तर युरोपसाठीच्या अमेरिकी मदतीने, उचलला. खासगी पोलादवाल्यांनी, विशेषतः फाल्क घराण्याने, कडाडून विरोध केला. फियातला मात्र गाड्यांसाठी पत्रा हवाच होता. तिने खरेदीची हमी दिली आणि योजनेला गिऱ्हाईक मिळाले.

1951 मध्ये किनाऱ्यावरचा जुना रादजो किल्ला पाडला गेला. समुद्रात भर घालून जमीन काढली. 1953 मध्ये कारखाना चालू झाला आणि त्याच वर्षी सिनिगाल्या वारले.

या लेखात फक्त सार्वजनिक जीवनातली आणि संस्थांची नावे आहेत. व्यवस्थापक, फोरमन आणि कामगार यांच्याबद्दल जे आहे ते त्यांच्या हुद्द्यापुरते.

अडचण

यंत्रे अमेरिकेतून आणता येत होती. सलग रुंद पत्रा लाटायची पद्धत ओहायोच्या आर्मको कंपनीने केंटकीतल्या ॲशलंडला 1920 च्या दशकात रुळवली होती. कोर्निल्यानोने त्याच आर्मकोशी तांत्रिक सहकार्याचा करार केला आणि इंजिनिअर व फोरमन यांच्या तुकड्या शिकायला अमेरिकेत धाडल्या.

पण अशा गिरणीचा हिशेब जुन्या पद्धतीने मांडता येत नाही. भंगाराच्या कारखान्यात वर्षअखेरीचा ताळेबंद पुरत असे. मालक अनुभवाने जाणत होता की कुठली भट्टी पैसे खाते. इथे खनिज, कोक, कच्चे लोखंड, पोलाद, स्लॅब (पोलादाचे जाड ठोकळे) आणि पत्रा अशी एकाला एक जोडलेली साखळी होती. एका खात्याचा पक्का माल म्हणजे पुढच्या खात्याचा कच्चा माल. पाणी नेमके कुठे मुरते हे वर्षअखेरीस कळून उपयोग काय?

शिवाय मुदत डोक्यावर होती. 1951 च्या पॅरिस कराराने युरोपचा कोळसा-पोलाद समुदाय झाला. इटालियन पोलादाला जकातीचे संरक्षण 1958 पर्यंतच मिळणार होते. त्यानंतर जर्मन, फ्रेंच आणि बेल्जियन पत्र्याशी उघड्यावर सामना होता. म्हणजे कारखाना सुरू झाल्यापासून जेमतेम पाच वर्षे हाताशी.

तिसरी अडचण शहराची. जेनोआ हे लढाऊ कामगारांचे गाव. 1950 च्या शरदात नोकरकपातीविरुद्ध इथल्या कामगारांनी कारखान्यांचा ताबा घेतला होता आणि मालकांशिवाय उत्पादन चालवून दाखवले होते. त्याच गावात, त्याच काळात, सरकारी मालकीची कंपनी अमेरिकी पद्धतीचा कारखाना उघडत होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे चालू रिवाज. कामगाराला नगावर किंवा टनावर मोबदला, फोरमनच्या हातात नेमणूक आणि मजुरीची ढील, आणि वर एक हिशेबनीस. तो फार वेळ कुणी धरून ठेवला नसावा. सलग लाटणाऱ्या गिरणीत वेग गिरणी ठरवते. एकेका माणसाला नगावर पैसे द्यायचे तर मोजायचे काय?

दुसरा पर्याय इटलीत आधीच येऊन गेला होता. चार्ल्स बेदो हा पॅरिसजवळ जन्मलेला आणि अमेरिकेत सल्लागार झालेला माणूस. त्याचे माप असे: साधारण वेगाने काम करणारा माणूस विश्रांती धरून एका मिनिटात जेवढे काम करतो ते एक ‘बी’, म्हणजे तासाला साठ. त्यावर जास्त केले तर बक्षीस, आणि त्या बक्षिसातला काही हिस्सा देखरेखीच्या लोकांना. 1927 मध्ये तुरीनला बेदोची इटालियन कंपनी निघाली. फियातसारख्या कारखान्यांत स्टॉपवॉच घेऊन माणसे फिरू लागली. कामगार इतके चिडले की फॅसिस्ट राजवटीच्या अधिकृत संघटनांनाही त्याविरुद्ध बोलावे लागले आणि 1930 च्या दशकाच्या मध्याला राजवटीने त्या पद्धतीपासून अंग काढून घेतले. नाव गेले, पण मोजणी पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या नावाने चालू राहिली. (मुंबईच्या गिरण्यांत 1928 चा मोठा संप कार्यक्षमता योजनांवरूनच पेटला होता. त्या दशकात कामाच्या मोजणीवरून झालेली भांडणे एकट्या इटलीची नव्हती.) युद्धानंतर बेदोचे नाव घेऊन जेनोआत पाऊल टाकणे म्हणजे आगीत तेल.

तिसरा पर्याय निवडला गेला. अमेरिकी पद्धत तुकड्यातुकड्यांनी न घेता अखंड घ्यायची. खात्यांची रचना, अंदाजपत्रक, प्रमाण खर्च, कामाचे मूल्यमापन, फोरमनचे प्रशिक्षण, सगळे एकदम. अमेरिकी सल्लागार बोलावले गेले. काळही अनुकूल होता. 1951 मध्ये राष्ट्रीय उत्पादकता समिती झाली आणि 1952 मध्ये तुरीनला हार्वर्डच्या धर्तीची इप्सोआ ही व्यवस्थापन शाळा निघाली, फियात आणि ऑलिव्हेत्तीच्या पाठबळावर. मार्शल योजनेचा पैसा आणि उत्पादकतेचा उपदेश त्या वर्षांत बरोबरीनेच येत होते.

निवड चुकीची होती असे मला वाटत नाही. एकाला एक जोडलेल्या साखळीला एकच हिशेब लागतो. चूक झाली असेल तर ती ‘अखंड’ या समजुतीत. जे अखंड आले असे वाटत होते, त्यातला एक महत्त्वाचा भाग अमेरिकेतच राहिला होता.

निर्णय पहिला: माणसे नवी घ्यायची

जुन्या पोलाद कारखान्यांत आणि आन्साल्दोसारख्या कंपन्यांत कपात चालू होती आणि अनुभवी हात मोकळे होते. कोर्निल्यानोने त्यांना सरसकट घेतले नाही. चाचण्या आणि मुलाखती घेऊन पारखून भरती केली. तरुण, शिकवता येण्याजोगा आणि युनियनच्या लढ्यात फारसा न तापलेला, असा माणूस पसंत.

यामागे शुद्ध तांत्रिक कारणही होते. जुन्या भट्टीवरचा कसब रुंद पत्र्याच्या गिरणीत फारसा उपयोगी नव्हता. पण परिणाम तेवढ्यावर थांबला नाही. पद्धत ज्या जमिनीवर रुजली ती जमीन मुद्दाम भुसभुशीत करून घेतली होती. पुढे जेव्हा कुणी म्हणे की कोर्निल्यानोत अमेरिकी पद्धत चालून दाखवली, तेव्हा ती कुणावर चालवली हा प्रश्न सोईस्करपणे मागे पडे.

निर्णय दुसरा: फोरमनच्या हातात कागद द्यायचा

प्रमाण खर्चाची कल्पना सोपी आहे. आधी ठरवायचे की एक टन मालामागे इतका कोक, इतके तेल, इतके तास लागायला हवेत. मग महिनाअखेर प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे. खरी मेख आहे तफावत फोडण्यात.

समजा, पोलादाच्या भट्टीला टनामागे 100 किलो इंधन तेल प्रमाण धरले आणि भाव किलोला 12 लिरा. महिन्याला 10,000 टन पोलाद निघाले, म्हणजे खर्च 1 कोटी 20 लाख लिरा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात 10,50,000 किलो तेल जळले आणि भाव झाला 13. बिल 1 कोटी 36 लाख 50 हजार. जास्तीचे साडेसोळा लाख कुणाच्या डोक्यावर? फोडून पाहिले तर 50,000 किलो जादा तेल, जुन्या 12 लिरा भावाने, म्हणजे 6 लाख भट्टीच्या फोरमनचे. उरलेले साडेदहा लाख भाववाढीचे. त्यांचा जाब खरेदी खात्याने द्यायचा. हे आकडे फक्त समजण्यासाठी. चाकणच्या कुठल्याही कारखान्यातल्या कॉस्टिंगच्या माणसाला हे पाठ असेल, पण 1950 च्या दशकातल्या इटालियन भट्टीवर हा कागद नवलाचा होता. फोरमनला पहिल्यांदा त्याच्या हातातल्या गोष्टींपुरतेच विचारले जात होते, आणि पहिल्यांदाच त्याला ‘तेल महागले साहेब’ म्हणून सुटताही येत नव्हते.

या कागदाने फोरमनचा हुद्दाच बदलून टाकला. पूर्वी त्याच्याकडे माणूस घ्यायचा, काढायचा आणि मजुरीत थोडे इकडेतिकडे करायचा अधिकार असे. आता भरती एका कार्यालयाने केली, मजुरी दुसऱ्याने ठरवली, उत्पादनाचा आराखडा तिसऱ्याने आखला. त्याच्याकडे उरली ती माणसे सांभाळण्याची जबाबदारी आणि आकड्यांचे उत्तर. म्हणून त्याला शिकवणेही आले. युद्धकाळात अमेरिकेत तयार झालेले टीडब्ल्यूआय हे प्रशिक्षण त्या वर्षांत इटलीभर पोचले होते. काम कसे शिकवावे, पद्धत कशी सुधारावी आणि माणसांशी कसे वागावे असे त्याचे तीन भाग. अधिकार काढून घ्यायचा आणि त्या जागी वागणूक शिकवायची, यातला विरोधाभास तेव्हाच्या हुशार फोरमनच्या लक्षात आला नसेल असे मानणे कठीण आहे.

निर्णय तिसरा: कामाला गुण, माणसाला नाही

इथे प्रकरणाचे खरे घोडे अडले.

1947 मध्ये अमेरिकेत यू. एस. स्टील आणि पोलाद कामगारांची राष्ट्रीय युनियन यांनी कामाच्या मूल्यमापनाची एक पुस्तिका मान्य केली. त्याआधी गिरणीगणिक हजारो वेगवेगळे दर होते आणि प्रत्येकावर तक्रारी. पुस्तिकेने प्रत्येक कामाला बारा कसोट्यांवर गुण दिले. त्यात पूर्वशिक्षण, अनुभव, बौद्धिक आणि हाताचे कसब, माल, अवजारे, उत्पादन व इतरांची सुरक्षितता यांची जबाबदारी, मानसिक व शारीरिक श्रम, भोवतालची परिस्थिती आणि धोका हे सगळे येते. गुणांची बेरीज म्हणजे त्या कामाचा वर्ग, आणि वर्ग म्हणजे मजुरी. कोर्निल्यानोने आपले मूल्यमापन याच धर्तीवर बेतले.

इटलीत मजुरीची श्रेणी तोवर माणसाची असे. हमाल, साधा कामगार, निष्णात कामगार. निष्णात झालेला माणूस झाडू हातात धरला तरी निष्णातच. ती त्याची कमाई होती, आणि इज्जतही. नव्या पद्धतीत गुण कामाला चिकटले. क्रेनवरून खाली उतरवून दुसऱ्या कामाला लावले की वर्ग बदलला. तरुण, नव्या कामगाराला यात फायदा दिसत होता, कारण वर चढायला वर्षे घालवायची गरज उरली नव्हती. जुन्या कामगाराच्या दृष्टीने ही आयुष्यभराची पुंजी काढून घेणे होते.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. अमेरिकी पुस्तिका टेबलाच्या दोन्ही बाजूंनी मिळून लिहिलेली होती. एखाद्या कामाला किती गुण, यावर तक्रार करायची वाट युनियनकडे होती. कोर्निल्यानोत पुस्तिका आली आणि टेबल मात्र मागे राहिले. गुण देणारे कंपनीचे तज्ज्ञ होते आणि हे शास्त्र आहे, यात वाटाघाटीचा प्रश्न नाही, अशी भूमिका होती. कम्युनिस्ट-समाजवादी प्रभावाखालच्या फिओम या धातू कामगार संघटनेला पद्धतीत पिळवणूक दिसली. 1950 मध्ये स्थापन झालेली कॅथलिक वळणाची चिझल ही कामगार संघटना उत्पादकतेच्या भाषेला अनुकूल होती आणि तिने मूल्यमापनात करारासाठी जागा पाहिली. कंपनीला ही फूट सोईची होती.

गंमत म्हणजे, जी कंपनी डोळ्यांसमोर होती त्या आर्मकोच्या मिडलटाउनच्या कारखान्यात ती राष्ट्रीय युनियन नव्हतीच. तिथे कारखान्यापुरती स्वतंत्र संघटना होती. म्हणजे यंत्र आणि घरगुती वातावरणाचा नमुना एका कारखान्याकडून, आणि मजुरीची पुस्तिका अगदी वेगळ्या औद्योगिक संबंधांतून. ज्या ‘अमेरिकी पद्धती’विषयी सगळे बोलत होते, ती तशी एकजिनसी अमेरिकेत कुठेच नव्हती.

निष्पत्ती

पद्धतीने आपले ठरलेले काम केले. 1955 मध्ये फियात 600 बाजारात आली, रुंद पत्र्याची मागणी फुगली आणि कोर्निल्यानो ती पुरवत राहिला. 1958 नंतर संरक्षण संपले तरी कारखाना कोसळला नाही. 1960 पर्यंत देशाचे पोलाद उत्पादन 80 लाख टनांच्या वर गेले. भंगाराच्या दिवसांत हे कुणाला सांगितले असते तर हसले असते. यातला वाटा यंत्राचा किती, मागणीचा किती आणि हिशेबाचा किती हे वेगळे काढता येत नाही. तरी साखळीतला प्रत्येक दुवा महिन्याच्या महिन्याला दिसत होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

कंपनीचा चेहराही वेगळा झाला. चित्रकार एउजेनिओ कार्मी यांना कलासल्लागार म्हणून घेतले आणि अपघात टाळा म्हणणारे अमूर्त शैलीतले फलक कारखान्यात लागले. ‘हात सांभाळा’ हे सांगायला आधुनिक चित्रकला वापरणारा पोलाद कारखाना तेव्हा दुर्मीळच असेल.

1961 मध्ये कोर्निल्यानो आणि जुनी पोलाद कंपनी इल्वा एकत्र होऊन इताल्सीदेर झाली. कोर्निल्यानोत घडलेली माणसे आणि पद्धत मोठ्या कंपनीभर पसरवायची होती. बान्योलीसारख्या जुन्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे रिवाज, नगावरचे दर आणि मुरलेल्या युनियन होत्या. तिथे माणसे निवडून घ्यायची सोय नव्हती, जी होती तीच. दक्षिणेत तारांतोला अगदी नवा कारखाना उभा राहिला. त्याचे औपचारिक उद्घाटन 1965 मध्ये झाले. पण तिथल्या शेतातून आणि गोदीतून आलेल्या कामगारांचा जेनोआच्या इतिहासाशी संबंध नव्हता. 1960 च्या आसपास कंपनीने मूल्यमापनाबाबत युनियनशी करार केले, म्हणजे टेबल अखेर मांडले गेले. तोवर गुण, वर्ग आणि दर ठरून बसलेले होते. उशिरा आलेल्या पाहुण्याला वाढलेले ताट दाखवावे तशातला हा प्रकार.

1969 च्या संपांनंतर चित्र पालटले. कसोट्यांपैकी ‘भोवताल’ आणि ‘धोका’ या दोन विशेष खटकू लागल्या. उष्णता, धूळ, गॅस यांना गुण आणि गुणांना पैसे, म्हणजे कंपनी फुप्फुसे भाड्याने घेते, असे कामगार म्हणू लागले. ‘आरोग्य विकायचे नाही’ ही त्या वर्षांतली गाजलेली घोषणा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इताल्सीदेरमध्ये मूल्यमापनाची जागा कामगार आणि कारकून यांच्या एकत्रित श्रेणी-रचनेने घेतली. 1973 च्या धातू उद्योगाच्या राष्ट्रीय कराराने ती देशभर नेली. त्यात श्रेणी पुन्हा माणसाच्या कसबाशी जोडली गेली. प्रमाण खर्च आणि मासिक तफावती मात्र कुणी काढून टाकल्या नाहीत. त्या फोरमन आणि त्यावरच्या वरिष्ठांपुरत्या होत्या आणि टिकल्या.

वेगळे काय करता आले असते

प्रमाण खर्चाच्या बाबतीत फारसे काही नाही. एक मात्र. कागद फोरमनपर्यंत आला, त्याच्याखाली गेला नाही. पाळीवरच्या कामगाराला जादा तेल जळल्याचे दिसते आणि कारणही ठाऊक असते. महिनाअखेरचा आकडा त्याला दाखवला असता तर निदान निम्म्या तफावतींचा खुलासा जागेवर मिळाला असता.

भरतीबाबत कंपनीने अल्पकाळाचा विचार केला. जुन्या कारखान्यांतले थोडे तरी अनुभवी लोक पहिल्यापासून आत असते, तर पद्धतीवरचे आक्षेप 1953 मध्येच कळले असते. ते 1961 मध्ये कळले, आणि तेही एकदम सगळ्या कारखान्यांत.

मूल्यमापनाबाबत नेहमीचे उत्तर असते की युनियनला आधीच बोलवायला हवे होते. हे म्हणणे सोपे आहे. शीतयुद्ध ऐन भरात होते, अमेरिकेचा पैसा लागलेला होता आणि फिओम येऊन बसली नसती, हे जवळजवळ नक्की. एकट्या चिझलशी करार केला असता तर पद्धतीवर एका गटाचा शिक्का बसला असता आणि ती आणखी लवकर मोडली असती. म्हणून कंपनीने 1953 मध्ये एकट्याने सुरुवात केली याला मी चूक म्हणत नाही. माझा आक्षेप पुढच्या सात वर्षांवर आहे. गुणांचा तक्ता खात्यात टांगणे, आपल्या कामाच्या गुणांवर कुणाही कामगाराला लेखी हरकत घेऊ देणे, आणि त्या हरकतीचा निकाल गुण देणाऱ्या कार्यालयाबाहेरच्या माणसाने करणे, यांतल्या एकाही गोष्टीला कुठल्या युनियनची सही लागत नव्हती. तीन-चार वर्षांच्या हरकतींची वही हातात असती, तर 1961 मध्ये बान्योलीत जाताना कुठले गुण टिकतील आणि कुठले नाहीत याचा अंदाज आधीच आला असता. उष्णता आणि धूळ यांचे गुण त्या वहीत सगळ्यात वर आले असते, असे मला वाटते.